रक्ताला विचारलेला प्रश्न

माझ्या सासूबाई दूध गॅसवर ठेवून विसरायला लागल्या, तेव्हा हे विसरण्याचं मोठं दुखणं तर नसेल, अशी मला धास्ती बसली. मी त्यांना परळला डॉक्टरबाईंकडे नेलं.

"आजी, नवऱ्याचं नाव काय?" डॉक्टरबाईंनी विचारलं. सासूबाई मान खाली घालून गप्प. डॉक्टरबाईंचा चेहरा गंभीर झाला. परक्यांसमोर माझं तोंड उघडत नाही, पण तेव्हा उघडलं.

"त्यांना आठवतंय हो. आमच्याकडे जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत."

डॉक्टरबाई हसल्या. "मग आपण रक्तालाच विचारू." त्या दुखण्याची खूण आता म्हणे रक्तातही दिसते.

रिपोर्ट येईपर्यंत मला अन्न गोड लागलं नाही. शेवटी डॉक्टरबाई म्हणाल्या, "त्या आजाराची खूण नाही. बी ट्वेल्व्ह फार कमी आहे, त्यानंही विसरायला होतं. इंजेक्शनं घेऊ."

सासूबाई माझ्या कानाशी आल्या. "गो, रगतात ह्यांचा नाव गावला काय?"

"नाही हो!"

"मग बरा झाला," त्या म्हणाल्या, आणि आम्ही दोघी डॉक्टरबाईंसमोरच हसत सुटलो. येताना लालबागला बांगडे घेतले. त्या दुपारी मी पोटभर जेवले.