मंगळावरचा पत्रव्यवहार

आमच्या शाळेतल्या रियाजीच्या मास्तरांइतका मंगळावर जीव जडलेला माणूस अख्ख्या निजामी मुलखात दुसरा नसेल. रियाजी म्हणजे गणित. औरंगाबादच्या त्याच शाळेत मी मराठी शिकवायचो आणि त्यांच्या शेजारीच राहायचो. मंगळ वर्तुळात नव्हे, लंबवर्तुळात फिरतो, याचा त्यांना घरात कार्य निघाल्यासारखा आनंद होई. अंगणात दोन खिळे ठोकून, त्यांभोवती दोरा घेऊन ते खडूनं लंबवर्तुळ काढत. त्या खिळ्यांना अडखळून निम्मा मोहल्ला पडला होता. बायकोची भाकरी वाकडी झाली की म्हणत, "लई छान! गोल तर कुणीबी थापतं." या कौतुकानंतर माउली दोन दिवस बोलत नसे.

करमाडचे एक म्हातारे मुन्शी त्यांचे दोस्त. त्यांनाही आकाशाचा नाद, पण हट्ट वर्तुळाचा. "खुदा टेढी लकीर कायको खींचेगा?" असं ते लिहीत, आणि मास्तर उत्तरादाखल आठ पानं गणित धाडत. एकदा मुन्शीजींनी त्या गणितातली वजाबाकीची चूक दाखवली. झालं! मास्तर रुसले. करमाडहून पुढं पाच पत्रं आली. एकालाही उत्तर गेलं नाही.

एका दुपारी चहा पिताना मास्तर आम्हा शिक्षकांना जुन्या युरोपातली हकीकत सांगत होते. मंगळाचं लंबवर्तुळ शोधणाऱ्या ज्योतिर्विदाला त्याचा एक पाद्री मित्र वर्षानुवर्षं पत्रांतून हरकती कळवायचा. शेवटी कंटाळून ज्योतिर्विदानं उत्तर देणंच सोडलं.

"पुढं लई वर्षांनी त्यानं उत्तर लिहिलं, पण तवर..." मास्तर अडखळले. "तवर मित्र वारला व्हता."

कप तसाच ठेवून ते उठले. मला म्हणाले, "चला, करमाडची गाडी अजून मिळंल."

मुन्शीजी दारातच बसलेले. मास्तर उभ्या उभ्याच बोलले, "वजाबाकी माझीच चुकली व्हती, मुन्शीजी."

"वो छोडो. पहले चाय पियो."

संध्याकाळी ते आम्हाला स्टेशनवर पोचवायला आले. मावळतीला तांबूस मंगळ दिसत होता. गाडी हलली तरी दोघं एकमेकांना ओरडून आपापलं गणित ऐकवत होते.

दोनेक वर्षांनी मुन्शीजी गेले. त्यांच्या मुलीनं एक अर्धवट पत्र आणून दिलं. मास्तरांना त्या दिवशी अक्षर लागेना, म्हणून मी वाचलं: "मास्तर, शायद तुम्हारी बात सच्ची है. पर मैं मान गया, तो तुम खत कायको लिखोगे?"

मास्तरांनी पत्र घडी घालून खिशात ठेवलं. मग हळूच म्हणाले, "त्यांना पटलंय, मला ठाऊक व्हतं."