इंदुताईंची फिकी ओळ

बाभुळगावात रहेमानभाईंचं पाण्याच्या मोटारी दुरुस्तीचं दुकान. मागच्या खोलीत त्यांची मुलगी नाजिया लोकांना वेबसाइट करून देते. कालव्याच्या पाणीवाटप संस्थेचं पान विकतचं डिझाइन घेऊन तिनेच केलं. कोणत्या शेताला कधी पाणी, ते त्यावर दिसतं. पाण्याची पाळी झालेली ओळ फिकी, व्हायची असलेली काळी.

रविवारी सकाळी कालव्याखाली गहू पेरलेल्या इंदुताई दारात उभ्या.

"काहून व नाजिया, माह्यी ओळ फिकी काहून होती? मले वाटलं, पाळी गेली. मी घरीच बसली. गहू सुकून राह्यला ना!"

"पुढची पाळी कधी, मावशी?"

"मंगळवारपासून. माह्यी येळ तुयं पानच सांगीन. आता चुकलं तं गहू गेला."

नाजियाने संगणकावर त्या ओळीसाठी काळ्या रंगाचा नियम लिहिला. पान ढिम्म. पुन्हा लिहिला. ओळ फिकीच.

"विकतच्या डिझाइनमध्येच खोट आहे, अब्बा. आता जबरदस्तीनंच बसवते."

नियमापुढे 'इम्पॉर्टंट' शब्द लिहिला, की ब्राउझर बाकीचे नियम बाजूला सारतो. तिची बोटं तिकडे वळलीच होती.

"ठोकून बसवू नको," मोटार खोलता खोलता रहेमानभाई म्हणाले. "कायनं अडलं ते पाह्य आधी."

तिने एकेक नियम वाचला. तासाभराने सापडलं. तो शब्द तिथे आधीच होता आणि लिहिणारी तीच होती. महिन्यामागे, पाण्याची फेरी संपत आली असताना, झालेल्या ओळी फिक्या होईनात, म्हणून तिने अख्ख्या तक्त्यावर हुकूम लादला होता. वरच्या ओळी फिक्या झाल्या, तिने संगणक बंद केला. खालची इंदुताईंची ओळ तेव्हा व्हायची होती, तीही फिकी झाली; तिथपर्यंत पाहायला दोन मिनिटं लागली असती.

तिने तो नियम काढला. झालेल्या ओळींपुरता नवा, नेमका नियम लिहिला. तीनदा फसला, चौथ्यांदा बसला. मग शेवटच्या ओळीपर्यंत पाहिलं.

दुपारी ती इंदुताईंच्या शेतात गेली. इंदुताईंनी भर उन्हात आपला मोबाइल धरला.

"मंगळवार. दुपारी दोन. काळीभोर दिसते व!"

"चूक माह्यीच होती, मावशी. डिझाइनची नाही."

इंदुताईंनी पिवळ्या पडलेल्या गव्हाचं पान चोळून पाहिलं.

"मंगळवारी ये मंग. पाणी वळवाले माणूस लागतेच."

मंगळवारी पावणेदोनला नाजिया फावडं घेऊन बांधावर उभी होती.