गुडघ्यातल्या सुया

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. दुखणं घेऊन तिरोड्याच्या दवाखान्यातल्या बाकावर बसलं, की ते आपोआप साचतात. माझे तर सांध्यापर्यंत साचले!

मागच्या उन्हाळ्यात माझा उजवा गुडघा कोहळ्यासारखा फुगला. रोवणीला दोन महिने उरलेले. आमच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, धान रोवणाऱ्या बायांची ओळ चाळीस वर्षं मीच पुढं नेते. घरचे म्हणाले, "यंदा काठावर, धुऱ्यावर बसून पाहा." एकदा धुऱ्यावर बसली, की बाई कायमची बसते. मला ते ठाऊक होतं.

*

शेजारीण पार्बता म्हणाली, "लाखोळीची डाळ खाल्ली असशील, त्याचाच वात!" डाळ बंद केली. मग तिनं बिब्बा लावला. सूज तशीच, वरून कातडंही भाजलं.

मी म्हटलं, "पार्बते, आता एकच इलाज कर. घरी जा!"

*

शेवटी तिरोड्याच्या दवाखान्यात गेली. रक्ताचा रिपोर्ट आला. यूरिक ॲसिड नॉर्मल! मुलगा खुश. "आई, तुले काहीच नाही झालं."

"मंग हा गुडघा कोणाचा होय?"

तिथली डॉक्टरीणबाई हसली. म्हणाली, "दुखणं भरात असताना रक्तात ते ॲसिड कधी कधी कमी दिसतं." तिनं गुडघ्यातलं पाणी काढलं आणि मला मायक्रोस्कोपला डोळा लावायला सांगितला. सुयाच सुया!

"हे त्याच ॲसिडचे खडे, आजी. पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे शिपाई. ते सुयांना शत्रू समजून गिळतात. सुई पचत नाही, मग ते आणखी शिपायांना हाका मारतात. ती गर्दी म्हणजे तुमची सूज."

"म्हणजे सुया गुपचूप बसल्या होत्या, बोंबाबोंब आपल्याच लोकांनी केली?"

"अगदी!"

"आमच्या ग्रामसभेसारखंच आहे की!"

*

सूज उतरल्यावर ॲसिड कमी करायची नवी गोळी सुरू झाली. आठव्या दिवशी पायाचा अंगठा पेटला! मी लंगडत गेली आणि गोळ्यांची पट्टी डॉक्टरीणबाईच्या टेबलावर आपटली. "तुमची गोळी मले मारून राहिली!"

"जुने खडे विरघळायला लागले, की सुरुवातीला असं होतं. त्यासाठीच सोबत छोटी गोळी दिली होती. घेता ना?"

"एवढीशी गोळी काय करणार? फेकली."

"आजी, सुई केवढी होती?"

मला गप्प करणारी माझ्या आयुष्यातली ती पहिली पोरगी. त्या दिवसापासून एकही गोळी चुकवली नाही. देव तिला उदंड आयुष्य देवो!

*

रोवणी लागली. बाया बांधीत, मी सगळ्यांत पुढं. एवढ्यात रस्त्यावर गाडी थांबली. डॉक्टरीणबाई! कौतुकानं धुऱ्यावरून भराभर येऊन राहिली, पाय घसरला आणि धपकन चिखलात!

बाया किंचाळल्या. मी हातातली रोपं टाकली, चिखल तुडवत धावली आणि दोन्ही काखांत हात घालून तिला उचलून उभी केली.

तोंडावरचा चिखलही न पुसता तिनं विचारलं, "आजी, गुडघा कसा आहे?"

मी म्हटलं, "कोणता?"