मुक्ता जेवायला घरी आली होती

हे मी नवऱ्यालाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही — म्हणून असेल.

आमच्या खर्डा गावाकडे पालक मेळावा असला की मला बोलायला बोलावतात. मी अंगणवाडीत शिकवते. मार्कांच्या मागे लागू नका, लेकरांना चूक कबूल करायला शिकवा, दुसऱ्याचं दुःख ओळखायला शिकवा — असं बोलते. चांगलं बोलते. बायका डोळे पुसतात. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय?

माझी मुक्ता तेव्हा आठवीत होती. शिष्यवृत्तीची परीक्षा तोंडावर आलेली. ती गुणवत्ता यादीत येणार हे सगळे धरूनच चालले होते. मी जरा जास्तच.

एके दिवशी शाळेतून आली ती दप्तर न काढता दारातच उभी राहिली. मधल्या सुट्टीत तिने कुणाला न विचारता सूक्ष्मदर्शक प्रयोगशाळेच्या कपाटातून काढला होता, कांद्याची साल बघायला. तो हातातून पडून फुटला. घाबरून तिने तसाच आत ठेवला. शाळा सुटताना तिथं झाडायची पाळी पूजाची होती, म्हणून आळ पूजावर आला. मुक्ता रडत होती, पण ठरवून आली होती. म्हणाली, "मी उद्या बाईंना सांगते."

हेच तर मी शिकवत होते — नाही का?

मी म्हटलं, परीक्षा होऊ दे, मग सांगू. परीक्षा हे निमित्त होतं. हुशार मुलीची आई म्हणून गावात मला जो मान होता, तो जाईल याची भीती वाटली. बस, एवढंच.

पूजा तिच्याच वर्गातली. आईबाप ऊसतोडीला गेलेले, आणि शाळा बुडू नये म्हणून ही मामीकडे राहिलेली. आमच्या भागात अशी पोरं पुष्कळ. दुसऱ्याच्या घरी राहणाऱ्या पोरीवर आळ आला तर काय होतं, हे मला ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं.

पूजा कबूल करेना, तो आधीच फुटलेला होता म्हणे, म्हणून बाई एकेका घरी फोन करून मधल्या सुट्टीत कोण कुठे होतं ते विचारत होत्या. माझाही फोन वाजला. मी म्हणाले — मुक्ता तर मधल्या सुट्टीत जेवायला घरी आली होती. असं बोलायला मला कुणी लावलं नव्हतं. मुक्ता समोरच उभी होती. तिने सगळं ऐकलं.

मामीने पूजाला ठेवून घ्यायला नकार दिला. मग बाप आला आणि तिला फडावर ऊस तोडायला घेऊन गेला. तिची शाळा सुटली ती कायमची.

मुक्ता यादीत आली. मी पेढे वाटले. त्यानंतर तिने एकदाच विचारलं, आता सांगायचं का? मी म्हटलं, पूजाच इथं नाही, आता सांगून काय उपयोग? तेव्हापासून मुक्ताने स्वतःची एकही चूक मला सांगितलेली नाही. आता ती पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. फोनवर "सगळं छान आहे" म्हणते. ते खरं की खोटं, मला कळत नाही — आणि विचारायचं कुठल्या तोंडाने?

गेल्या महिन्यात जामखेडच्या स्टँडवर पूजा भेटली. कडेवर मूल. तिनेच हाक मारली, मुक्ताची मनापासून चौकशी केली. गाडी लागली तशी हळूच म्हणाली, "काकू, त्ये मी न्हाई फोडलं हुतं. मामीला अजून बी पटत न्हाई. तुमाला तरी खरं वाटतं का?"

आसपास ओळखीचं कुणी नव्हतं. सांगता आलं असतं.

मी म्हणाले, "वाटतं गं."

तिचे डोळे भरून आले. मूल सावरत ती वाकली आणि माझ्या पाया पडली. मी तिला पडू दिलं.