दळवींचा ड्रायर सत्तर विसरेना कसा?

आमच्या मिरजोळ्याच्या वर्कशॉपात वर्षभरात कंट्रोलर मोजकेच झाले, गोंधळ मात्र ढीगभर! चहाला बसलं की एक निघतो, त्याच्या शेपटाला दुसरा. माणसं आम्ही दोनच: बोटीवर इलेक्ट्रिशियन म्हणून जन्म काढलेले भाऊकाका, आणि पुण्याची नोकरी सोडून घरी आलेली मी. गिऱ्हाईक एकच, काजूवाले दळवी. त्यांच्या ड्रायरचं तापमान सांभाळणारी पेटी करायची होती. ती फसली तर मला पुन्हा पुण्याची खोली आणि मेसची आमटी!

*

पहिली पेटी झक्क चालली. सात वेळा बटण दाबलं, सत्तर अंश लागले. तेवढ्यात लाईट गेली. आली तेव्हा स्क्रीनवर शून्य!

"हे काय गो?"

"काका, आकडा चालू मेमरीत होता. लाईट गेली की ती पुसली जाते."

भाऊकाकांनी चष्मा कपाळावर चढवला. "म्हणजे रत्नागिरीत लाईट जाणार नाही असं धरून तू प्रोग्रॅम लिहिलास?"

*

पेटीचा प्रोग्रॅम ज्या चिपमध्ये असतो, तिच्यात लाईट गेली तरी टिकणारी मेमरीही असते. आकडा तिच्यात ठेवायचं ठरलं. दुसरी चिप घालून दळवींसमोर पेटी चालू केली, तर स्क्रीनवर दोनशे पंचावन्न! कोऱ्या मेमरीत हाच आकडा निघतो, हे मी परीक्षेत लिहिलंही होतं.

दळवी दोन पावलं मागे सरले. "अहो, काजू वाळवायचेत. शिमगा नाही करायचा!"

*

तिसऱ्या चिपला मी फारच जपलं. दर सेकंदाला आकडा लिहून ठेवायचा! दुसऱ्या दिवशी संध्याकाळपासून ती वाट्टेल ते आकडे सांगू लागली. मी चक्रावले. माहितीपत्रक उघडलं, तर एका जागी साधारण लाखभर वेळाच लिहिता येतं.

भाऊकाका म्हणाले, "वहीत एकाच जागी खोडून खोडून लिहिलंस तर कागद फाटणारच की! आकडा बदलला तरच लिही ना."

कॉम्प्युटरला कधी हात न लावलेला माणूस! मला लाजच वाटली.

*

चौथ्या वेळी दळवी म्हणाले, "हा शेवटचा चान्स. आता विसरली तर पेटी उचला नि चालू पडा."

घाईघाईत चिप बसवली. दळवींकडे ड्रायरशेजारी काजू सोलत बसलेल्या कुंदाताईंजवळ माझं रडगाणं चालूच होतं, "ही विसरली तर मी परत पुण्यास."

दोन महिने एक तक्रार नाही! लाईट रोज जायची, ड्रायर मात्र सत्तरवर ठाम. दळवी खूश. आणखी चार पेट्या हव्यात म्हणाले.

मग एक दिवस वर्कशॉपातला ड्रॉवर आवरताना नंबर घातलेल्या चिपांची डबी उघडली. आत दुसरी, तिसरी आणि चौथी. नव्हती ती पहिली! म्हणजे दळवींकडे बसलीय ती शून्यवाली! मग तिला सत्तर आठवतात कसे?

"चालतंय ना? हात लावू नको," काका म्हणाले. पण मला राहवेना.

*

चौथी चिप पर्समध्ये टाकून दळवींकडे गेले. तासाभरात लाईट गेली, आली. स्क्रीनवर शून्य. कुंदाताई उठल्या, पदराला हात पुसले, सात वेळा बटण दाबलं आणि परत काजू सोलायला बसल्या.

"कुंदाताई, हे काय?"

"अगो, त्याच्या ध्यानात ऱ्हात नाय. लाईट आली की सांगावं लागतं." मग हळूच म्हणाल्या, "शेटना नको हां सांगू. तुला पुण्यास जावं लागेल."

मी पर्स उघडली. चौथी चिप बसवली, सत्तर लावले.

दुपारी पुन्हा लाईट गेली, आली. कुंदाताई सवयीने उठल्या. बोट बटणावर नेलं आणि थांबल्या. स्क्रीनवर सत्तर!

वळून साऱ्या बायकांना ओरडल्या, "शिकला गो बायांनो! दोन म्हैने सांगत्ये, शेवटी शिकला!"