साळवे साहेबांची यादी आणि माझा नारळ

लेखाला फार उशीर झाला, त्याबद्दल गौरवग्रंथाच्या मंडळींनी मला क्षमा करावी. तीन वेळा लिहिला आणि तीन वेळा फाडला. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस. काही चुकीचे छापून जाईल, ही धास्ती. शिवाय एक गोष्ट सांगावी की नाही, हेच ठरत नव्हते.

श्री. अशोकराव साळवे साहेबांची ओळख चिकलठाण्याच्या आमच्या कारखान्यात झाली. मी टाइम ऑफिसात हजेरी लिहीत असे. कारखान्यात पहिला संगणक आला, त्याच्यासोबत साहेब आले. संगणकाच्या खोलीत चपला बाहेर काढूनच जावे लागे. आत गारवा, शांतता. मला ती जागा देवघरासारखीच वाटे.

ते दिवस विद्यापीठाच्या नामांतराच्या लढ्याचे होते. कँटीनमध्ये टेबले वेगळी झाली होती. साहेब मात्र डबा घेऊन माझ्याच टेबलावर येत. "अण्णा, ठेचा आणलाय का? नसल तर उठतो मी," म्हणत.

कागदी रजिस्टर बंद होऊन हजेरी संगणकात गेली, तेव्हा माझी झोप उडाली. "साहेब, हे पुसलं तर?" मी रोज विचारी. ते कधी चिडले नाहीत. त्यांनी एक छोटासा प्रोग्राम लिहिला. सकाळी संगणक सुरू केला की तो आपणहून फ्लॉपी मागत असे आणि फाइलींची नक्कल करून ठेवी. कोणत्या फाइली घ्यायच्या, ते एका वेगळ्या यादीत. एका ओळीत एक नाव. "प्रोग्राम माझा, यादी तुमची," ते म्हणाले. "नवी फाइल आली की एक ओळ वाढवा. बाकी कशाला हात लावू नका." इंग्रजी अक्षरे त्यांनीच मला गिरवून दिली. नक्कल झाली की फ्लॉपी मी गेटवरच्या रऊफभाईंच्या कपाटात नेऊन ठेवी. "आ गए अण्णा, अमानत लेके!" ते हसत.

त्या वर्षी खंडेनवमीला साहेब रजेवर होते. धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी नागपूरला गेले होते. सगळ्या यंत्रांची पूजा झाली. संगणकच तेवढा उपाशी कसा ठेवायचा? मी हळदकुंकू वाहिले, समोर नारळ फोडला आणि पाणी शिंपडले. संगणक चालू होता. चर्र आवाज झाला आणि पडदा काळा पडला.

आतली डिस्क कायमची गेली. टेंपररी कामगारांची वर्षभराची हजेरी तिच्यात होती. करमाड, गंगापूरकडची माणसे. बंदच्या दिवसांतही पायी कामावर आलेली. दिवस भरले तर ती कायम होणार होती. त्यांची वेगळी फाइल आठवड्यापूर्वीच झाली होती, आणि तिची ओळ मीच यादीत घातली होती, कोणाला न दाखवता. ती बरोबर पडली की नाही, देव जाणे.

साहेब परतले, तेव्हा मॅनेजर सर्वांसमोर म्हणाले, "मशीन सोडून नागपूरला जायची एवढी घाई होती?" साहेबांनी बटणांवरचे कुंकू पाहिले, माझ्याकडे पाहिले. "रजा मी रीतसर घेतली होती. आधी हजेरी बघू," एवढेच बोलले. मी खाली मान घालून उभा राहिलो.

खंडेनवमीच्या सकाळची फ्लॉपी रऊफभाईंकडून आणली आणि दुसऱ्या युनिटमधल्या संगणकात घातली. पडद्यावर एकेक नाव चढू लागले. एकही दिवस गेला नव्हता. "तुमची ओळ चोख हाय, अण्णा," साहेब म्हणाले. मग हळूच, "पुढच्या साली याला नुसतं फूल वहा. नारळपाणी पचत नाय याला."

ती माणसे कायम झाली. त्यांची घरे उभी राहिली. पण बोल साहेबांना लागला, आणि त्यांनी माझे नाव कधीच घेतले नाही. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन पुन्हा माझ्याच टेबलावर आले. नारळ मी फोडला होता, हे आज सर्वांसमोर लिहितो. आता बरे वाटते.

साहेबांनी पंच्याहत्तरी गाठली. शंभरीही अशीच ठणठणीत गाठावी, गुडघे कुरकुरू नयेत, ठेचा पचत राहावा. लेख नाही छापला तरी चालेल. पण आधी त्यांना वाचून दाखवा, आणि ते काय म्हणाले, ते तेवढे लवकर कळवा.