उदाजीरावांची समुद्राची वही

नागरवाड्यातल्या उदाजीरावांनी पंच्याण्णव साली मारुती घेतली ती समुद्रासाठी. भावनगरपासून दीवपर्यंतचा सगळा किनारा त्यांनी विचारून विचारून वहीत उतरवला होता: कोळियाकला ओहोटी कधी, शियाळबेटाची होडी कुठून, पेट्रोल पंप कुठे. पण घरचा रिवाज असा की, गाडी आधी कुलदैवताला. दर वर्षी रजा मिळाली की राजेश्वरीबाई म्हणायच्या, "आधी जेजुरी, मग तुमचा समुद्र." जेजुरी झाली की रजा संपलेली असायची.

वही मात्र गल्लीभर फिरली. कुणी दीवला निघालं की सल्ल्याला यायचं, आणि हा शहाणा माणूस आपण तिकडे पाऊलही टाकलेलं नाही हे न सांगता ठणकावायचा, "घोघल्याला संध्याकाळीच जा."

निवृत्तीनंतर मारुती विकली. मग शेजारच्या सावलीचा पुतण्या समरजित मित्रांबरोबर दीवला निघाला आणि वही मागायला आला. दारातल्या नव्या गाडीत एक जागा रिकामी होती.

"मला नाही विचारलंस?" उदाजीराव हसत म्हणाले.

"काका, तुम्हाला काय विचारायचं? तुमचं तर सगळं बघून झालंय."

राजेश्वरीबाईंनी मान खाली घातली. उदाजीरावांनी वही त्याच्या हातात दिली.

"शियाळबेटाची होडी दहाच्या आत पकडा," ते म्हणाले. "नंतर वारा फिरतो."